भांडणाचं पोर

परीक्षेच्या दिवशी सकाळी माझी मुलगी नंदा चाळीच्या संडासात आतून कडी लावून बसली आणि बाहेर येईना. अकराला दहावीचा विज्ञानाचा पेपर. बाहेर माणसं टमरेलं घेऊन रांगेत उभी. आमच्या मजल्याचे बाकीचे संडास एक तुंबलेला आणि एक बिनदाराचा, त्यामुळे चालू होता त्यात माझी कन्या.

"नंदे, बाहेर ये." मी दार ठोकलं.

"नाही."

"पोट बिघडलंय का?"

"नाही."

"मग आत करतेस काय?"

"बसलेय."

माझ्या मागे परब उभे होते. आमचे शेजारी, मालवणकडचे. शांत माणूस, पण शांतपणालाही वेळकाळ असते. त्यांनी टमरेल या हातातून त्या हातात घेतलं.

"गो चेडवा, बसाक दुसरी जागा खय गावली नाय तुका?"

तेवढ्यात मास्तर आले. खाली खाकी अर्धी चड्डी, वर काळा कोट, हातात कच्चा कांदा. रोजचाच वेष. मी म्हटलं, "ही घ्या तुमची विद्यार्थिनी. तुमच्या शिकवणीनं इथवर आणली."

मास्तरांनी दाराला कान लावला. "नंदे, सगळं विसरलीस ना?"

"सगळं आठवतंय."

"मग झालं काय?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मग रडत म्हणाली, "तिथं आई नसणार. मी भांडू कुणाशी?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. गॅसवर दूध ठेवून बाई गप्पा मारायला गेली आणि परत आल्यावर तिचं जसं तोंड होतं, तसं त्यांचं झालं होतं. आम्ही दोघांनी मिळून त्या पोरीचा सगळा अभ्यास भांडून करून घेतला होता. परीक्षेत तोंड बंद ठेवायचं असतं, हे मी चौथी शिकलेली, माझ्या ध्यानात आलं नाही तर समजण्यासारखं आहे. पण मास्तरांच्याही आलं नव्हतं, आणि त्यांची अख्खी हयात शाळेत गेली होती.

मास्तर मुलुंडला आमच्या चाळीत अगदी शेवटच्या खोलीत राहायचे. शाळेतून त्यांना लवकर घरी पाठवलं होतं. का, ते चाळीत प्रत्येकजण वेगळं सांगायचा. मास्तर स्वतः सांगायचे ते असं, की एके दिवशी त्यांनी वर्गातली सगळी बाकं उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि पोरांना म्हणाले, आता ज्याला जिथं बरं वाटेल तिथं बसा, उभे राहा, लोळा. हेडमास्तर आले तेव्हा एक मुलगा खिडकीत बसून भूगोल वाचत होता आणि दुसरा टेबलाखाली झोपला होता.

"तो झोपला होता त्याचं काय?" मी विचारलं होतं.

"त्याला झोपेचीच गरज होती. त्याचा बाप रोज पहाटे चारला उठवायचा त्याला."

पहाटे चारचा मास्तरांना फार राग. तेव्हा चाळीत पद्धतच होती, दहावीचं पोर घरात असलं की आई पहाटे चारला उठून चहा करणार, पोराला भिंतीला टेकवून बसवणार आणि स्वतः समोर पेंगत बसणार. ज्या घरात दिवा लागला नाही त्या घरातलं पोर वाया गेलं असं समजायचे. मास्तर म्हणायचे, "पहाटे चारला फक्त दूधवाला हुशार असतो."

त्यांच्या खोलीत एक शिवणाचं मशीन होतं, बायकोचं. बायको मेलेली. रडले असतील, मला काही दिसले नाहीत. मशीनची सुई काढून टाकली होती आणि ज्या पोराला एका जागी बसवत नाही त्याला त्या मशीनवर बसवायचे. पोरानं पाय मारायचे आणि पाढे म्हणायचे, नाहीतर इतिहास. आमच्या मजल्यावर संध्याकाळी खडखड ऐकू आली की समजायचं, पानिपत चालू आहे. ती पोरं पास व्हायची, हे खरं आहे. एक झालं नाही, त्याला मास्तरांनी उगाच मशीनवर बसवलं होतं. त्याला मुळात दिसतच नव्हतं, चष्मा लागला तेव्हा कळलं. मास्तर म्हणाले, "मी गाढव." एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

पोरांची त्यांनी वाटणी केलेली होती. हे पायाचं पोर, हे डोळ्याचं, हे हाताचं, हे कानाचं. वाटणी करायची त्यांची रीत अशी, की शिकवणी लावली की पहिला आठवडा शिकवायचे नाहीत. तुमच्या घरी येऊन कॉटवर बसायचे आणि बघायचे. पोर जेवतं कसं, बहिणीला मारतं कसं, आईनं हाक मारल्यावर किती वेळानं ऐकतं. बसल्या बसल्या तुमच्याकडचं खायचेही. माझ्या हातचे बांगडे त्यांना फार आवडायचे. कोणत्या घरचे, काय खाणारे, ते मी कधी विचारलं नाही. काटे नीट काढायचे एवढं खरं.

एकदा पलीकडच्या सोसायटीतली एक बाई मुलाला घेऊन आली. साडी भारी, हातात बिस्किटांचा डबा. म्हणाली, "आमचा फार हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही."

मास्तर म्हणाले, "मग हुशार आहे हे कळलं कसं तुम्हाला?"

बाई लाल झाली. "तुम्ही म्हणे ढ मुलांना शिकवता."

"ढ मूल मी अजून बघितलं नाही. ढ खुर्च्या पुष्कळ बघितल्या. घरी कुठं बसवता ह्याला?"

"स्टडी टेबल घेतलंय मुद्दाम."

"विका."

बाई बिस्किटांचा डबा घेऊन परत गेली. मी म्हटलं, "डबा तरी ठेवून घ्यायचा." तर मला म्हणाले, "वहिनी, क्रीमची नव्हती."

नंदी आदल्या वर्षी विज्ञानात आपटली होती. बाकीचे विषय सुटले, विज्ञान राहिलं. आमचे हे म्हणाले, झालं तेवढं शिक्षण पुरे. गिरणी सुटल्यापासून ते एका कारखान्याच्या दारावर वॉचमन होते आणि त्यांचं डोकं कायम तापलेलं असायचं. गावाहून एक स्थळ आलं होतं, लांज्याकडचं. मुलगा वाईट नव्हता. पण घरात खाणारी तोंडं पुष्कळ आणि विहीर टेकडीच्या खाली. मी तसल्या विहिरीचं पाणी भरलेलं आहे. चौथीतून मला काढली ती त्यासाठीच. पाटी ठेवली आणि कळशी घेतली. त्यामुळे मला ते स्थळ नको होतं.

हे म्हणाले, "एकदा बसू दे अजून. पास झाली तर शिकेल. आपटली तर दिवाळीनंतर लग्नाचा बार उडवून टाकतो. मग तू मध्ये बोलायचं नाही."

मी म्हटलं, "नाही बोलणार." आणि मास्तरांकडे गेले.

मास्तर आठवडाभर येऊन कॉटवर बसले. रेडिओवरची सगळी गाणी नंदीला पाठ होती, भांडी घासताना एकामागून एक म्हणायची. मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "कानाचं पोर! वहिनी, हिला वाचायला लावणं म्हणजे बहिऱ्याला कीर्तनाला बसवणं. हिला ऐकवा."

ऐकवणार कोण? मास्तरांनी परबांचा टेपरेकॉर्डर आणला आणि कॅसेटवर स्वतःच्या आवाजात धडे भरले. कॅसेटही परबांचीच. तीवर त्यांच्या गावच्या जत्रेतला दशावतार भरलेला होता. परबांना विचारायचं राहून गेलं. धडे काही पूर्ण कॅसेटभर पुरले नाहीत. मग व्हायचं असं, मास्तर सांगायचे की हवा नाकातून श्वासनलिकेत जाते, तिथून फुप्फुसात जाते, आणि तेवढ्यात पखवाज वाजून राक्षस ओरडायचा, "कोण आहे रे तिकडे!" परबांना कळलं तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

नंदी रोज कॅसेट ऐकायची. मान डोलवायची. मला वाटलं शिकतेय. मग मास्तरांनी स्वतः पेपर काढून घरीच परीक्षा घेतली. पोरगी कोरी. श्वसनसंस्थेचं तिला एकच पक्कं आठवत होतं, की फुप्फुसानंतर राक्षस येतो.

मी मास्तरांच्या खोलीत गेले आणि दारातूनच म्हणाले, "तुमचे कान, डोळे, पाय गेले चुलीत. माझी पोर विहिरीवर जायला निघाली."

मास्तर मशीनवर बसले होते, रिकामेच पाय मारत. म्हणाले, "चुकलो. गाणं आवडतं म्हणून कानाचं ठरवलं. उद्यापासून परत बघायला येतो. जेवायला काय आहे?"

दुसऱ्या दिवशी आले, कॉटवर बसले. मी बांगडे साफ करत होते. नंदी शेजारी पुस्तक घेऊन, डोळे पुस्तकावर आणि लक्ष खिडकीत. मी आपली बोलता बोलता म्हणाले, "माशाला काय, पाण्यात नाक वर काढून श्वास घ्यायचा नि परत बुडी मारायची."

नंदीनं पुस्तक आपटलं. "आई, काहीही काय बोलतेस? मासा कल्ल्यांनी श्वास घेतो!"

"कल्ले म्हणजे हे लाल? हे तर आपण काढून टाकतो."

"काढून टाकतो म्हणून काय झालं? त्याला ते लागतात! पाण्यातला ऑक्सिजन आत घेतो तो."

"पाण्यात कुठली आलीय हवा? मग माणूस बुडून मरतो कशाला?"

ती उठून उभी राहिली. माझ्या हातातला बांगडा हिसकावला, कल्ला उचकटून दाखवला, मग फुप्फुस म्हणजे काय, ते पाण्यात का चालत नाही, सगळं सांगितलं. हातवारे करून, कपाळाला आठ्या घालून, मला मूर्ख ठरवून. एक शब्द अडला नाही. ती गप्प झाली आणि मागे बघितलं तर मास्तर कॉटवर उभे.

"वहिनी," ते म्हणाले, "हे भांडणाचं पोर आहे. असं मी आजवर बघितलं नव्हतं. तुम्हाला विज्ञान किती येतं?"

"माशाच्या पोटातलं येतं तेवढंच."

"उत्तम. उद्यापासून तुम्ही शिकायचं. नंदी शिकवेल. पटल्याशिवाय हो म्हणायचं नाही."

"म्हणजे मी मुद्दाम अडाणी व्हायचं?"

"मुद्दाम कशाला? आहात तेवढ्या पुरेत."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर बांगड्याचं पाणी टाकलं असतं.

वेळही मास्तरांनीच ठरवली. पहाटे नाही, दुपारी भांड्यांच्या वेळी. त्यांनी बघून ठेवलं होतं, नंदी पहाटे मेल्यासारखी असते आणि जेवण झालं की तरतरीत. मग रोज दुपारी मोरीत आमची शाळा. ती राख लावणार, मी विसळणार, आणि भांडण. वीज तारेतून जाते तर तार पोकळ असते का? मग पाण्यासारखी टोकातून गळत का नाही? नंदीला काही वेळा उत्तर यायचं नाही. मग हात पुसून पुस्तकाकडे धावायची. जे पुस्तक वर्षभर तिला झोप आणायचं, त्याच्यात ती मला हरवायला काहीतरी शोधायची. मास्तर दाराच्या उंबऱ्यावर बसून कांदा खायचे आणि एक अक्षर शिकवायचे नाहीत. मी म्हटलं, "तुम्ही करता काय मग?" तर म्हणाले, "मी गप्प बसतो. शिक्षकाला सगळ्यात अवघड काम तेच."

आमचे हे एकदा पाळी संपवून लवकर आले. मोरीतून नंदीचा आवाज, "अगं बाई, लोहचुंबकाचे दोन तुकडे केलेस तरी दोघांना दोन दोन टोकं राहणारच!" ते म्हणाले, "परीक्षेला पोरगी बसतेय की तू?"

"दोघींतली जी पास होईल तिला शिकवा पुढे," मी म्हटलं. त्यांनी चप्पल काढली नि जेवायला बसले.

असं सगळं केलं. आणि पेपराच्या दिवशी पोर संडासात.

मास्तर दारापासून दूर झाले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, चुका."

"काय?"

"चुकीचं बोला काहीतरी. मोठ्यानं."

इतके दिवस मरमरून शिकले आणि शेवटी काय, तर चुकायचं. मी घसा साफ केला. "काय हो मास्तर, माणसाच्या हृदयाला कप्पे तीन ना?"

"तीनच," मास्तर म्हणाले.

आत हालचाल झाली. मग आवाज आला, "चार!"

"तीन असतात गं. मला पक्कं आठवतंय."

"तीन बेडकाला असतात, आई!"

परबांना आमचं नाटक ठाऊक नव्हतं. त्यांना मनापासून वाटत होतं तेच ते बोलले. "कप्पे कितीय असूंदेत. पन रगात जेवान जिरला काय पोटात तयार जाता. माझो बापूस सांगायचो."

"पोटात नाही काका, अस्थिमज्जेत! हाडांच्या आत!"

"हाडात रगात? खुळा काय! हाड तर पांढरा आसता!"

"बाहेरून पांढरं असतं!" आतून दारावर धक्का बसला. मग मागे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, आरशात माणूस उलटा दिसतो, डोकं खाली. मास्तर म्हणाले, अगदी बरोबर, आजी. आणि कडी निघाली.

नंदी बाहेर आली ती लाल होऊन. परबांच्या समोर उभी राहिली. "आरशात डावं उजवं होतं! डोकं वरच राहतं! आणि तुमच्या बापानं सांगितलं म्हणून हाडातला मगज कुठं जात नाही!"

"बरा गो बाय," परब म्हणाले आणि तिच्या बगलेतून आत पळाले.

मास्तरांनी तिचा हात धरला. "आता थंड व्हायचं नाही. अशीच चल. आणि आजपासून तोंडानं उत्तर द्यायचं नाही, साठवायचं."

परीक्षेचं सेंटर रेल्वेच्या रुळांपलीकडे होतं. मी घाईघाईनं तिची वेणी घातली, तिच्या हातात दही दिलं आणि आम्ही निघालो. पुढे नंदी, मागे मी, आणि मास्तर शेजारून अर्ध्या चड्डीत चालताहेत आणि मोठमोठ्यानं चुकीचं बोलताहेत. लोखंड पाण्यात टाकलं की चांदी होते. झाडं दिवसा झोपतात. पुलावर लोक वळून बघत होते. नंदीचे ओठ शिवल्यासारखे, नाकपुड्या फुगलेल्या. एकदा तिचं तोंड उघडलं तर मास्तर ओरडले, "साठव!"

शाळेच्या फाटकाशी ते थांबले आणि तिथं पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलले.

"नंदे, पेपर तपासणारा कुठंतरी पंख्याखाली बसलेला असेल. त्याला तुझी आई समज. त्याला काही येत नाही आणि तो हट्टी आहे. कागदावर त्याच्याशी भांड. पटल्याशिवाय तो मार्क देणार नाही."

"आईसारखा हट्टी?"

"जास्त. त्याला पगार मिळतो."

ती हसली. आत गेली. मी फाटकाबाहेर उन्हात उभी राहिले. मास्तर फुटपाथवर बसले. खिशातला कांदा काढून सोलू लागले. मला म्हणाले, "वहिनी, ह्यावेळी चुकलो असेन तर?"

मी म्हटलं, "तर विहिरीवर पोहऱ्याला तुम्हाला बांधीन."

पेपर सुटला तेव्हा नंदी बोटं चोळत आली. शाई कोपरापर्यंत. म्हणाली, "पुरवणी घेतली. त्याला एकदा सांगून कळलं नसतं." कुणाला, हे विचारायची गरज पडली नाही.

आमचे हे तोवर गावी होकाराचं पत्र घालून मोकळे झाले होते. निकाल लागला, विज्ञानात साठाच्या वर. यांनी गुणपत्रिका उलटसुलट करून बघितली, मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही बघितलं, आणि गावी दुसरं पत्र घातलं. त्या संध्याकाळी मी मास्तरांकडे बांगडे नेले तेव्हा ते नवीन पोराला मशीनवर बसवत होते. मी म्हटलं, पास झाली. म्हणाले, "माहीत आहे. परबांनी सांगितलं. हाडात रक्त असतं हेही आता ते सगळ्यांना सांगताहेत, जसं काही त्यांनीच शोधलं."

नंदी पुढे शिकली आणि रेशनिंग ऑफिसात खिडकीवर लागली. पेन्शन मिळेपर्यंत लोकांशी भांडली. तिची दोन मुलं, एक भिंतीला पाय लावून उलटं झोपून वाचायचं, तिनं वाचू दिलं.

चाळ पाडली, तिथं आता टॉवर आहे. मास्तर त्याच्या आधीच गेले, मशीन कुणी नेलं माहीत नाही. परब गावी जाऊन वारले. ती आरशातली म्हातारी गेली. आमचे हे गेले. त्या सकाळी संडासाच्या दारात जी माणसं होती त्यांतल्या मी आणि नंदी, आम्ही दोघीच उरलोय.